कापसातला पक्षी

काचकाम करणाऱ्या माणसाच्या घरात काचेचं एकही भांडं नव्हतं. खिडकीची तावदानं आणि न्हाणीघरातला आरसा सोडला तर सगळा कारभार स्टीलचा. नवा पाहुणा हमखास चेष्टा करायचा, "काय हो मास्तर, जगाला काच आणि आम्हाला पत्रा?" मास्तर हसून बायकोकडे बोट दाखवायचे. मास्तरीणबाई पेला पुढे सरकवायच्या.

मास्तर शाळेतले नव्हेत. एका महाविद्यालयाच्या रसायन विभागात ते काचेची उपकरणं बनवायचे. नळीत नळी, तिच्यात वेटोळं, वेटोळ्याला पुन्हा दोन तोट्या. बर्नरच्या ज्योतीवर काच मधासारखी मऊ झाली, की तोंडात धरलेल्या रबरी नळीतून एक फुंकर. जास्त झाली तर फुगा फुटतो, कमी पडली तर काच आत बसते. म्हणून विभागात ते फुंकर मास्तर. आणि सातवीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेली, घरी पडदे शिवणारी त्यांची बायको आपसूक मास्तरीणबाई झाली.

रोज संध्याकाळी आठला, जेवण झालं की मास्तर दोन पांढऱ्या गोळ्या घ्यायचे. शर्टाच्या बटणाएवढ्या, बिनवासाच्या, बिनरंगाच्या. बाई समोर बसायच्या आणि गोळ्या गळ्याखाली उतरल्या की ताटं उचलायच्या. सतरा वर्षांत हा क्रम चुकला नव्हता. लेकीच्या लग्नातसुद्धा जावयाच्या बापाला "आलोच हं" म्हणून मास्तर कोपऱ्यात जाऊन गोळ्या घेऊन आले होते.

त्याआधीची कथा अशी. एकोणीस वर्षांपूर्वी मास्तरांची झोप उडाली. उडाली म्हणजे माणूस थकेना. बोलणं असं, की एक वाक्य दाराबाहेर पडायच्या आत दुसरं त्याला ढकलून पुढे. डोळ्यांत अशी चमक, की बाईंना पहिले दोन दिवस आपला नवरा नव्यानेच आवडायला लागला. मग मास्तरांनी ठरवलं, गावातल्या प्रत्येक घराला एक काचेचा पक्षी द्यायचा. तीन दिवस ते कार्यशाळेतून घरी आले नाहीत. आले ते खोकी घेऊन. दोनशे बारा पक्षी! पंख पसरलेले, मान वळवलेले, चोच उघडलेले, एकासारखा दुसरा नाही. खिडक्या, कपाटं, शिलाई मशीन, पक्ष्यांनी घर भरून गेलं. सकाळचं ऊन आत आलं तेव्हा बाई चहाचं भांडं हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आयुष्यात इतकं सुंदर त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी मास्तर कोणालाही ओळखेनासे झाले आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

पाच आठवड्यांनी ते परत आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आणि पक्षी तडकायला लागले.

काचेची एक रीत आहे. घडवलेली वस्तू तशीच ठेवायची नसते. ती भट्टीत घालून, तापवून, मग तासन् तास हळूहळू निववायची असते. नाहीतर काचेच्या आत ताण राहतो. बाहेरून काही दिसत नाही. पण आठवड्याने, महिन्याने, कोणी हातही न लावता ती तडकते. मास्तरांनी आयुष्यात कधी ही पायरी चुकवली नव्हती. त्या तीन दिवसांत एकालाही भट्टी दाखवली नव्हती. थांबायला त्यांच्याकडे वेळ कुठे होता? टिच्. भर दुपारी शांत घरात, टिच्. एक मान गेली. संध्याकाळी, टिच्. आठ वर्षांची लेक कानात कापूस घालून अभ्यास करायची. शेवटी बाईंनी सगळे पक्षी गोणीत भरून बाहेर टाकले, आणि त्यांच्यामागोमाग घरातला प्रत्येक काचेचा पेलाही.

डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं. बायपोलर. मन कधी शिखरावर, कधी विहिरीच्या तळाशी. आणि गोळ्या दिल्या. "ह्या आज बरं वाटण्यासाठी नाहीत," त्या म्हणाल्या होत्या, "पुन्हा होऊ नये म्हणून आहेत." दोन वर्षांनी मास्तरांना वाटलं, आपण ठणठणीत आहोत, मग कशाला? कोणाला न सांगता त्यांनी गोळ्या सोडल्या. सातव्या आठवड्यात ते महाविद्यालयाच्या गच्चीच्या कठड्यावर उभे राहून वाऱ्याचं माप घेताना सापडले. त्यानंतर सतरा वर्षं काही घडलं नाही. लेक शिकली, परगावी नोकरीला लागली, घराचं छप्पर दुरुस्त झालं, मास्तरांना चाळिशीचा चष्मा लागला. लोकांना ह्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटेल. बाईंना मात्र कधी कधी ताटं उचलता उचलता अंगावर काटा यायचा. एवढ्याशा दोन गोळ्या, आणि त्यांनी एवढं मोठं घर तोलून धरलंय!

गोळ्यांनी एक मात्र घेतलं होतं. मास्तरांच्या बोटांत बारीक कंप आला होता, शिलाई मशीन चालू असताना टेबलावरच्या सुईला येतो तेवढा. मास्तरांनी त्याच्याशी जमवून घेतलं होतं. कोपर टेबलाला टेकवायचं, श्वास धरायचा, आणि दोन थरथरींच्या मधल्या फटीत काम उरकायचं.

यंदा उन्हाळ्यात मात्र कंप वाढला. पेल्यातलं पाणी हिंदकळू लागलं. पोट बिघडलं, चालताना पाय कुठल्या कुठे पडू लागला. आणि एका बुधवारी एकात एक तीन भिंतींचं एक उपकरण, सहा दिवसांचं काम, शेवटचा सांधा जुळवताना मास्तरांच्या हातात फुटलं. पुन्हा केलं, पुन्हा फुटलं. विभागाच्या मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "मास्तर, थोडी विश्रांती घ्या. वय कोणाला चुकलंय?"

मास्तर घरी आले, गोळ्यांची बाटली टेबलावर आपटली.

"झाली एवढी सेवा पुरे. आजपासून बंद."

बाईंच्या हातातलं कापड मशीनखाली तसंच राहिलं. "काय बंद?"

"हे. ह्यांनीच हात खाल्ला माझा. सतरा वर्षं चावतायत, आता गिळायला निघाल्यात. अगं, मला दुसरं येतंय काय? हात गेला तर मी काय पडदे शिवू?"

"शिवा की. सरळ शिलाई तरी जमते का बघू," बाई म्हणाल्या. मग त्यांनी युक्ती केली. "बंद करायचंच तर चोरासारखं नको. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर सांगून करा."

मास्तर मानी माणूस. चोर म्हटलेलं त्यांना सोसवेना.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ रेषा काढायला लावली. ती पाहिली, चालून दाखवायला सांगितलं आणि लगेच रक्त तपासायला पाठवलं. आकडा आला. नेहमी पाऊणच्या आसपास असणारं लिथियम, म्हणजे गोळ्यांतलं औषध, रक्तात दीडच्या वर गेलं होतं.

"मास्तर, गोळ्या तेवढ्याच घेता ना?"

"विचारा हिला. पहारेकरी समोर असतो."

"दुसरं काही औषध? अंगदुखीची गोळी?"

"नाही."

"जेवणात काही बदल?"

"छे. जेवण तेच," मास्तर म्हणाले. "महिनाभर जरा अळणी लागतंय, पण ही म्हणते जिभेचं वय झालं."

डॉक्टरीणबाईंनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"ताई?"

"माझं ब्लडप्रेशर वाढलंय म्हणाले औषधाच्या दुकानात," बाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "मीठ कमी करा म्हणाले. आता दोघांसाठी दोन पातेली कुठे मांडत बसू? एकाच भांड्यातलं कमी केलं. जवळजवळ सगळंच. वरून लिंबू पिळत होते, मिरी घालत होते, कळू नये म्हणून. हे जेवणावरून कुरकुर करतात ना."

मास्तर आ वासून बघत राहिले. "म्हणजे माझी जीभ शाबूत आहे?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "लिथियम हेही एक प्रकारचं मीठच आहे, ताई. आपल्या स्वयंपाकातल्या मिठाचं सख्खं भावंड म्हणा. शरीराला मीठ कमी पडलं की मूत्रपिंड घाबरतं आणि असेल नसेल ते धरून ठेवतं. पण त्याला ही भावंडं नीट वेगळी ओळखता येत नाहीत. मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. त्यात उन्हाळा, बर्नरसमोरचा घाम. आणखी दोन आठवडे गेले असते तर मास्तर बेशुद्ध होऊन इथे आले असते."

बाईंनी पदर सोडला आणि आपल्या हातांकडे पाहिलं. एवढी वर्षं ज्या हातांनी गोळ्या सांभाळल्या, त्याच हातांनी त्यांनी मीठ काढून घेतलं होतं. आपल्या ओट्यावरची चिमूट नवऱ्याच्या बोटांपर्यंत पोचते, त्याच्या चालण्यापर्यंत, मनापर्यंत, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि कळलं तेव्हा अपराधाइतकंच आश्चर्यही त्यांच्या छातीत मावेना.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना चार दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. सलाईन लावलं, गोळ्या थांबवल्या, रोज रक्त तपासलं. "आता मीठ पहिल्यासारखं. कमी नको, जास्तही नको, रोज तेवढंच. ताई, तुमची भाजी आधी काढून घ्या, मग त्यांच्यात मीठ घाला." घरी पाठवताना त्यांनी एक गोळी कमी लिहून दिली आणि मास्तरांना बजावलं, "पुढच्या सोमवारी रक्त दाखवा. आकडा उतरला की त्याच संध्याकाळपासून सुरू. मोकळं फार दिवस राहायचं नाही."

सोमवारी आकडा उतरला. पण मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली होती. मास्तरांचा हात स्थिर झाला होता. पहिल्यासारखा नव्हे, एकोणीस वर्षांपूर्वीसारखा! कोपर न टेकता, श्वास न धरता त्यांनी ते तीन भिंतींचं उपकरण एका दमात उभं केलं. मॅडमनी सगळ्या विभागाला बोलावून दाखवलं. मास्तर घरी आले ते गुणगुणत.

"हा बघ," त्यांनी हात बाईंच्या डोळ्यांसमोर धरला. "दगडी खांब आहे खांब!"

"आज आठला गोळी घ्यायची आहे," बाई म्हणाल्या.

"उद्यापासून. एक दिवस तर हात उपभोगू दे."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गुरुवारपासून." गुरुवारी नणंद आली होती, मास्तरांची थोरली बहीण. ती म्हणाली, "बऱ्या झालेल्या माणसाला कसली गं गोळी? पाय बरा झाला तरी काठी घेऊन फिरायचं का?"

"वन्सं, गच्चीवर तुम्ही नव्हतात," बाई म्हणाल्या. नणंदेने चहा अर्धा ठेवला.

मास्तर हसत होते, जोरात बोलत होते, सकाळी लवकर उठून खिडक्या पुसत होते. आणि बाई त्यांचं हसू मोजत होत्या. हा आनंद आहे की ते आहे? बरं वाटणं आणि ते, यांच्यात सुई शिरेल एवढीच फट. नवरा खुशीत आणि बायको पहाऱ्यावर. असलं दुखणं कोणाला सांगायचं? भांडून उपयोग नव्हता. तोंडात गोळी घालता येते, माणसाकडून गिळवून घेता येत नाही.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कपाटाच्या तळातून बिस्किटांचा जुना डबा काढला, पिशवीत ठेवला आणि एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा कार्यशाळेची पायरी चढल्या.

मास्तर जांभळट चष्मा लावून ज्योतीसमोर बसले होते. बायकोला पाहून त्यांनी गॅस बारीक केला. "घरी काही झालं का गं?"

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. झाकण काढलं. कापूस बाजूला केला. आत पक्षी होता, मान मागे वळवून स्वतःच्या पंखाकडे बघणारा.

"सगळे फेकले म्हणाली होतीस."

"एवढा नाही फेकवला. फार सुंदर होता हो."

मास्तरांनी तो उचलला. ओरखडा नाही, चीर नाही. "एकोणीस वर्षं टिकला? भट्टीशिवाय?" ते हरखले. "बघ, म्हणजे काहींना भट्टी लागत नाही!"

बाई चपापल्या. हे उलटंच झालं. त्यांनी आणला होता तो ह्यासाठी नव्हे. खरं तर कशासाठी आणला होता हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची ती ताण बघायची पेटी आहे ना? तिच्यात बघा की एकदा."

पेटी म्हणजे एक दिवा आणि त्याच्यासमोर दोन काळपट काचा, अशा बसवलेल्या की त्यांच्यातून प्रकाश आरपार येत नाही. मधे निर्दोष काच धरली तर ती अंधारात विरून जाते. मास्तर रोज प्रत्येक उपकरण तिच्यात बघायचे. त्यांनी पक्षी मधे धरला.

बाईंच्या तोंडून "आई गं!" निघालं.

पक्षी पेटला होता. मानेत निळा, पंखांच्या मुळाशी पिवळा, पोटातून केशरी आणि हिरव्या लाटा, चोचीपाशी जांभळ्या रंगाची गाठ. हलवला की रंग जिवंत असल्यासारखे सरकत. रंगाचा एक थेंब नसलेल्या काचेत एवढं सगळं एकोणीस वर्षं, कापसात, कपाटाच्या तळाशी, त्यांच्या साड्यांखाली जागं होतं.

"छान आहे ना?" बाई हळूच म्हणाल्या.

मास्तरांनी पक्षी सावकाश फिरवून पाहिला. मग म्हणाले, "हा सगळा ताण आहे. जिथे रंग दाट, तिथे जास्त. मानेत बघ." त्यांचं बोट मानेपाशी थांबलं, लागलं नाही. "गेला नाहीये तो. एवढी वर्षं नुसता गप्प बसलाय. उद्या तडकेल, नाहीतर आणखी वीस वर्षांनी."

त्यांनी पक्षी भट्टीत ठेवला. अतिशय हळू तापेल असा काटा लावला. "वाटेतच तडकू शकतो. सांगता येत नाही." मग वळून हात पुढे केला. "आण."

"काय?"

"पिशवीत दुसरंही काहीतरी खुळखुळतंय. मला काय बहिरा समजतेस?"

बाईंनी बाटली दिली. मास्तरांनी एक गोळी काढली, चिमट्याने तिचा कण तोडला आणि तारेच्या टोकाला लावून ज्योतीत धरला.

ज्योत लाल झाली. नुसती लाल नव्हे. डाळिंबाच्या दाण्यासारखी, मावळतीला एखाद्याच दिवशी होतं तशा आभाळासारखी. बाई एक पाऊल मागे सरल्या. "हे? हे तुम्ही रोज खाता?"

"रोज. माझ्या पोटात रोज संध्याकाळी हा असतो." तो लाल रंग आपल्यालाही नवा असल्यासारखे मास्तर बघत होते. मग त्यांनी खणातल्या डब्यातून मिठाची चिमूट काढली, दुसऱ्या तारेने ज्योतीत धरली. भगभगीत पिवळा. "आणि हे धाकटं भावंड. ओट्यावरचं." जांभळट चष्मा त्यांनी बाईंच्या नाकावर ठेवला. पिवळी ज्योत दिसेनाशीच झाली. "आम्ही काचवाले हिला रोज डोळ्याआड करतो, नाहीतर काम दिसत नाही. पण ती असतेच."

बाईंनी चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. एवढ्याशा दोन मिठांवर आपला संसार उभा आहे, आणि एक चिमूट इकडची तिकडे झाली तर सगळं कोसळतं. आणि तरी सतरा वर्षं कोसळलं नाही! देवळात हात जोडताना जसं वाटतं तसं त्यांना त्या गॅसच्या वासाच्या खोलीत वाटलं.

मास्तरांनी आजची गोळी तळहातावर घेतली आणि टेबलावरचा आपला काचेचा पेला पुढे ओढला.

"अहो, चारच वाजलेत. आठला घ्यायची ना?"

"आठपर्यंत माझं मन बदललं तर?" मास्तर म्हणाले, आणि गिळून टाकली. मग ते आपल्या स्थिर उजव्या हाताकडे बघत राहिले, स्टेशनवर पोचवायला आलेल्या माणसासारखे. "चांगला होता गं. दहा दिवस होता, पण काय होता!"

बाईंनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांना पहिल्यांदाच कळलं, आपण समोर बसून ज्याची पहारेदारी करत होतो ते नुसतं गोळी गिळणं नव्हतंच. हा माणूस रोज आठ वाजता स्वतःचा हात काढून ताटाशेजारी ठेवत होता. सतरा वर्षं. आणि वरून विनोद करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून भट्टी उघडली. पक्षी अख्खा होता. मास्तरांनी तो पेटीत दोन काळपट काचांमधे धरला. काळोख. रंग नाही, रेघ नाही. बाईंनी डोळे बारीक केले. "कुठे गेला?"

"आहे की. माझ्या हातात आहे. चांगली काच अशीच दिसते," मास्तर म्हणाले. "ह्याचं बरंय. एकदा भट्टीत गेला, सुटला. आपलं रोजचं आहे."

दोन आठवड्यांत बारीक कंप परत आला. मास्तरांनी टेबलाला कोपर टेकवायच्या जागी नवा फोमचा तुकडा चिकटवला. घरात आता दोन पातेली असतात. बाई आपलं आधी काढून घेतात, मग मास्तरांसाठी मापाच्या चमच्याने, वरचा ढीग सुरीने सपाट करून, मीठ घालतात. पक्षी खिडकीत आहे. पहिले काही दिवस दुपारी घर शांत झालं की बाईंचे कान त्याच्याकडे असायचे. मग त्यांनी कान काढून घेतले. परवा त्या बाजारातून काचेचे चार पेले घेऊन आल्या, आणि मास्तरांनी एक उजेडात धरून, उलटसुलट फिरवून पाहिला.

"कोणी केलाय हा?" ते नाक मुरडून म्हणाले. "बूड बघ, वाकडं आहे."

"असू दे," बाई म्हणाल्या. "आठ वाजले. त्यातच पाणी घ्या."